पाहुणे, घरमालक आणि गाव

शनिवारी सकाळी विरार मागे टाकून डहाणूकडे निघालेल्या लोकलगाडीत बसले, की आमच्या आजच्या विषयाचे दोन्ही पक्ष एकाच डब्यात भेटतात. एका बाजूस मुलेबाळे, खाऊचे डबे आणि चेंडूफळी घेतलेली मुंबईची कुटुंबे असतात. ती केळवे रोडला उतरतात आणि रिक्षा करून समुद्रकाठच्या वाड्यांची वाट धरतात. दुसऱ्या बाजूस एखादी जुनी पेटी आणि गुंडाळलेले अंथरूण घेतलेले तरुण असतात. ते बोईसरला उतरतात आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हजेरी लागण्यापूर्वी पाठ टेकण्यापुरती जागा शोधू लागतात. पहिल्यास दोन रात्रींपुरते घर हवे असते, दुसऱ्यास दोन-चार महिन्यांपुरते. दोघेही भाडे देतात आणि दोघेही आज ना उद्या निघून जातात. मागे राहते ते गाव. त्या गावाने ही अल्प मुदतीची बिऱ्हाडे कोणत्या नियमांनी सांभाळावीत, आणि ते नियम कोणी करावेत, हा प्रश्न आता पालघर, बोईसर आणि तारापूरच्या दाराशी येऊन उभा आहे.

हा विषय आम्ही पहिल्या पानावर घेतला, याचे काही वाचकांस नवल वाटेल. दोन खोल्या भाड्याने दिल्या किंवा न दिल्या, यात राष्ट्रीय महत्त्वाचे असे काय आहे, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, माणसाला राज्यकारभाराची खरी ओळख संसदेतल्या भाषणांवरून होत नाही. आपल्या विहिरीचे पाणी कोण उपसतो, आपल्या भिंतीपलीकडे रात्री दोन वाजता ढोल कोण वाजवतो, आणि आपल्या लेकाला लग्नानंतर गावात परवडेल अशी खोली मिळते की नाही, यांवरून ती होते. या प्रश्नांच्या बाबतीत ज्याला कोणी विचारीत नाही, तो नागरिक केवळ मतदानापुरता नागरिक राहतो. शिवाय या प्रकरणात आमचा वाचक तटस्थ प्रेक्षक नाही. तो केळव्याचा पाहुणा आहे, चिंचणीच्या बंगल्याचा मालक आहे, किंवा बोईसरमध्ये सदनिका घेऊन ती ठेकेदाराला भाड्याने देणारा गुंतवणूकदार आहे. तेव्हा हे चार शब्द त्यालाही उद्देशून आहेत.

प्रथम हा प्रदेश इथवर कसा आला, ते पाहू. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, आणि ज्या किनाऱ्याची ओळख मासळी, चिकू आणि पानवेल यांनी होत असे त्याचे नाव जगाच्या नकाशावर आले. पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली आणि बोईसर हे स्टेशनाभोवतीचे खेडे गिरणगावासारखे गजबजले. २००५-०६ साली तिसरी व चौथी अणुभट्टी कार्यान्वित झाली. तीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे आपल्या जागेवरून उठली. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर बदलीवर येणारे कर्मचारी आले. आता मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसरजवळ होत आहे. ज्या वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला आणि २०२३ साली होकार दिला, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. त्या बंदराचा अंदाजी खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर आहे. एवढा पैसा जेथे ओतला जातो तेथे माणसे येणारच, आणि आलेली माणसे कोठेतरी राहणारच. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी या गावांची अवस्था व्हावयाची नसेल, तर राहण्याच्या या व्यवहाराचा विचार आजच केला पाहिजे.

वरवर एकच दिसणाऱ्या या व्यवहाराचे पोट फोडून पाहिले तर आत तीन निराळे व्यवहार आढळतात. पहिला व्यवहार घरगुती आहे. केळवे, माहीम, चिंचणी किंवा पलीकडे डहाणू तालुक्यातील बोर्डी येथील एखादे कुटुंब आपल्या वाडीतल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांस देते. घरची बाई पाहुण्यांना भाकरी-मासळी रांधून वाढते, थंडीच्या दिवसांत कोणी आवर्जून उकडहंडी मागतो, मुलगा पाहुण्यांना शितळादेवीचे देऊळ आणि किल्ला दाखवतो. यजमान स्वतः ओसरीवर बसलेला असतो. म्हणून पाहुणा आवाज चढवीत नाही, आणि चढवलाच तर त्याला थांबवणारा माणूस तेथेच असतो. दुसऱ्या व्यवहारात घर आहे पण यजमान नाही. बंगला बांधला मुंबईकराने, तो चालवतो एखादा मध्यस्थ, आणि किल्ली ठेवतो जवळच्या पाड्यावरचा रखवालदार. शनिवारी तेथे वीस-पंचवीस माणसे उतरतात, रात्रभर ध्वनिक्षेपक चालतो, पोहण्याच्या हौदात टँकरचे पाणी पडते, आणि सोमवारी बाटल्यांचा ढीग सुरूच्या बनात जातो. त्या रखवालदाराला तोंड उघडण्याची सोय नसते, कारण त्याची रोजी त्या बंगल्यावर अवलंबून असते. तिसरा व्यवहार बोईसरचा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-आठ कामगार राहतात. एक पाळी कामाला गेली की तिच्या अंथरुणावर दुसरी पाळी निजते. भाडे खोलीवर नव्हे, माणशी घेतले जाते. ठेकेदार एखाद्या इमारतीचे मजलेच्या मजले मोठ्या कामाच्या हंगामापुरते घेऊन टाकतो, आणि मग गावातल्या शाळेत रुजू झालेल्या शिक्षिकेस किंवा इस्पितळातील परिचारिकेस माफक भाड्याची खोली मिळेनाशी होते.

या तिन्ही व्यवहारांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय होईल. जो नियम मुंबईकराच्या बंगल्यास वेसण घालण्यासाठी केला, त्यानेच वाडीतल्या विधवेचे दोन खोल्यांचे उत्पन्न बुडेल. जो नियम बोईसरच्या दाटीवाटीवर इलाज म्हणून केला, त्यानेच परप्रांतातून आलेला गरीब कामगार रस्त्यावर येईल. वस्तुतः कायद्यालाही हा भेद अगदीच अपरिचित नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरील मच्छीमार व इतर स्थानिक समाजांना आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवण्यास मुभा दिली आहे. मात्र घराचे जोते आणि त्याची ठेवण बदलता कामा नये, अशी अट आहे. राहते घर आणि गुंतवणुकीचा बंगला यांतील फरक येथे शासनानेच मान्य केला आहे. पर्यटन महामंडळाची न्याहारी निवास योजना आणि २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांचाही रोख यजमानाच्या घरावर आणि शेतावरच आहे.

बाकीच्या बाबतीत मात्र कायदे आहेत, पण ते या प्रश्नाला बेताबेताने स्पर्श करून निघून जातात. इंग्रजी अमदानीत, १८६७ साली, सरायांविषयी एक कायदा झाला. सराईची आणि तिच्या चालकाची सरकारदरबारी नोंद झाल्याखेरीज तेथे उतारू ठेवू नयेत, एवढे शहाणपण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे ठरवले, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. परंतु तो कायदा महिन्यांच्या हिशेबाने राहणाऱ्यास डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. शनिवारी येऊन सोमवारी जाणारा पाहुणा त्याच्या चौकटीत बसत नाही, आणि माणशी भाडे देणाऱ्या कामगाराच्या हाती कराराचा कागद पडत नाही. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यावी असे पोलीस बजावतात. त्याचा हेतू गुन्ह्यांना आळा घालण्याचा आहे. पाणी, कचरा, आवाज आणि आग यांचा विचार त्यात नाही. जमिनीच्या बाबतीत महसूल संहितेने आदिवासींच्या जमिनी परवानगीविना बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत असा बंदोबस्त केला आहे, आणि त्यात विक्रीप्रमाणे भाडेपट्टाही येतो. ही तरतूद या जिल्ह्यात विशेष मोलाची आहे. पण जमीन एकाच्या नावावर, बंगला दुसऱ्याच्या खर्चाने आणि उत्पन्न तिसऱ्याच्या खिशात, असा प्रकार कोठे होतो काय, हे गावकऱ्याला विचारल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यापाशी येतो. नियम हवेत, याविषयी फारसा वाद होणार नाही. वाद आहे तो ते कोणी आणि कसे करावेत याविषयी. आपल्याकडील रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. एका कचेरीत मसुदा तयार होतो, तो राजपत्रात किंवा कोपऱ्यातल्या जाहिरातीत छापला जातो, ठरलेल्या मुदतीत हरकती मागवल्या जातात, आणि हरकती फारशा आल्या नाहीत अशी नोंद करून नियम अमलात येतात. ज्यांच्यासाठी नियम केले त्यांना त्यांचा पत्ता लागतो तो दंडाची पावती हाती पडल्यावर. वरातीमागून घोडे, असा हा प्रकार आहे. कायद्याच्या अक्षराचे त्यात पालन होते, पण ज्या हेतूने पूर्वप्रसिद्धीची अट घातली तो हेतू वाऱ्यावर जातो.

या बाबतीत पालघर परिसरात एक चमत्कारिक विसंगती आढळते. केळवे, चिंचणी, तारापूर ही गावे ग्रामपंचायतीची आहेत, आणि बोईसरही खानेसुमारीत नगर म्हणून मोजले गेले तरी ग्रामपंचायतीच्या कारभाराखालीच वाढत आले. ग्रामपंचायत आहे तेथे ग्रामसभा आहे. मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तेथे बसण्याचा आणि बोलण्याचा अधिकार आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी ती हजर असली की गणपूर्ती होते. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यापाड्याच्या ग्रामसभेला आणखी बळ दिले आहे. उलट पालघर शहरात नगरपरिषद आहे, आणि नगरपरिषदेच्या नागरिकाला ग्रामसभेसारखी स्वतःची सभा नाही. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने प्रभाग समित्यांची सक्ती केली, पण ती तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांपुरती. म्हणजे खेड्यातल्या माणसाला सभा आहे, महानगरातल्या माणसाला कागदावर का होईना समिती आहे, आणि मधल्या लहान शहराच्या नागरिकाला काहीच नाही! त्यातच राज्यातील अनेक नगरपालिका दीर्घ काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि निवडणुका घ्या म्हणून सांगण्याची वेळ ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयावर आली. ज्या पालघरात १४ ऑगस्ट १९४२ रोजी स्वराज्यासाठी पाच तरुणांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या गावाला आपल्या गल्लीचे नियम ठरवताना आपले म्हणणे मांडण्याची जागा नसावी, ही गोष्ट मनाला लागते.

आणि जेथे सभा आहे तेथे तरी सारे आलबेल आहे काय? ग्रामसभा मतदारांची असते. बोईसरच्या खोलीत माणशी भाडे देऊन राहणाऱ्या कामगाराचे नाव बिहारच्या, ओडिशाच्या किंवा मराठवाड्यातल्या मतदारयादीत असते. नियमांचा भार सर्वांत अधिक त्याच्यावर पडणार, पण सभेत त्याला स्थान नाही. बंगल्याचा मालक मुंबईचा मतदार असतो, पण त्याचे म्हणणे पोहोचवायला वकील आणि ओळखी असतात. गावातली स्त्री मतदार आहे, पण पाणी येण्याच्या वेळेला भरवलेल्या सभेला ती कशी जाणार? मासेमार मतदार आहे, पण होडी समुद्रात असताना भरलेल्या सभेचा त्याला उपयोग काय? आणि कारखान्यातला माणूस दुसऱ्या पाळीला असेल, तर सायंकाळची सभा त्याच्यासाठी भरलीच नाही असे समजावे. सभा बोलावली म्हणजे लोकांना विचारले, असे म्हणून भागत नाही. बोलावणे कोणाला पोहोचले, कोण येऊ शकला आणि कोण बोलू शकला, या तीन कसोट्या लावल्याखेरीज लोकसहभाग हा शब्द उच्चारू नये.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकवले आहे. त्या काळातला एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. वर्गाच्या भिंतीवर शिस्तीचे नियम आम्ही स्वतः लिहून लावले, तेव्हा ते पंधरा दिवसांत मुलांनी विनोदाचा विषय करून टाकले. पुढच्या वर्षी तेच काम आम्ही मुलांवर सोपवले. त्यांनी दोन तास भांडून सातच नियम केले. त्यांतील दोन आमच्या मते अपुरे होते आणि एक फाजील कडक होता. पण वर्षभर ते पाळले गेले, आणि मोडणाऱ्याला आम्ही बोलण्यापूर्वी शेजारचा विद्यार्थी बोले. आपण केलेला नियम मोडताना माणसाला स्वतःची लाज वाटते. दुसऱ्याने केलेला नियम मोडताना पुष्कळदा अभिमान वाटतो. मोठी माणसे या बाबतीत मुलांहून निराळी नसतात.

शाळेची गोष्ट निघाली म्हणून याच जिल्ह्यातले एक थोर उदाहरण आठवते. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी आणि गरीब मुलांच्या शिक्षणाचे काम उभारले. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांना दोष देत त्या बसल्या नाहीत. शाळा त्यांनी मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द पुढे साऱ्या देशाने उचलला. लोक सभेला येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातला हा धडा गिरवावा. लोक सभेला येत नसतील तर सभा लोकांच्या अंगणात न्यावी. एक बैठक सातपाटीच्या बंदरावर होड्या परतल्यावर घ्यावी, दुसरी पाड्यावर, तिसरी औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था चालवण्यात अनेक दशके घालवली आहेत. त्यांना सभा, ठराव आणि हिशेब कोणी शिकवावे लागणार नाहीत.

लोकांनी केलेले नियम टिकतात याला महाराष्ट्रात पुरावा आहे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यावे हे ठरवले आणि गावची जमीन बाहेरच्यांस विकू नये असा निर्णय केला. कडकपणात हे नियम कोणत्याही सरकारी आदेशाला हार जाणार नाहीत, तरी ते पाळले गेले, कारण ते ग्रामसभेत झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी दरवर्षी पाहुण्यांची रीघ लागते. ते पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि घरचेच साधे जेवण जेवतात. पैसा गावात राहतो, आणि किनारा जपण्यात प्रत्येक घराचा स्वार्थ असल्यामुळे किनाराही जपला जातो.

जगातही हा प्रश्न ऐरणीवर आहे. जपानने २०१८ साली अमलात आलेल्या कायद्याने असे घर वर्षाला १८० दिवसांपर्यंतच पाहुण्यांस देता येईल असे ठरवले, आणि त्याहून कडक मर्यादा घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. न्यूयॉर्कने २०२३ पासून नोंदणीची कठोर अंमलबजावणी आरंभली. बार्सिलोनाने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर सदनिकांचे परवाने २०२८ अखेर संपुष्टात आणण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहेत ती अमेरिकेतली दोन शहरे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ साली अशा भाड्यावर अधिक कडक बंधने घालण्याचा प्रस्ताव थेट नागरिकांच्या मतास टाकला, आणि नागरिकांनी तो फेटाळला. जर्सी सिटीत २०१९ साली तसाच प्रश्न मतास टाकला, आणि तेथील नागरिकांनी बंधनांच्या बाजूने मोठा कौल दिला. दोन शहरांचे उत्तर परस्परविरुद्ध आले, पण प्रश्न विचारण्याची रीत एकच होती. ज्याला आपण हरलो याचे दुःख झाले, त्यालाही आपल्याला विचारले गेले नाही असे म्हणता आले नाही. लोकशाहीत पराभूतांचे समाधान हीसुद्धा थोडीथोडकी मिळकत नव्हे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, घर माझे, भिंती माझ्या, मी कोणाला ठेवावे हे गावाने का ठरवावे? आक्षेप रास्त आहे, पण अर्धवट. भिंती तुमच्या आहेत, पण भिंतीबाहेर जाणारा आवाज, सांडपाणी आणि कचरा तुमचा राहत नाही. पालघर आणि सव्वीस गावे एकाच प्रादेशिक पाणीयोजनेवर विसंबून आहेत. तेथे एका हौदाची चैन ही दुसऱ्या घराची तहान असते. दुसरा आक्षेप असा की, गावकऱ्यांच्या हाती नियम दिले तर ते परक्यांना दारे बंद करतील, आणि नियमांच्या आडून जात, धर्म, भाषा आणि आहार विचारून माणसे नाकारली जातील. ही भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. घर भाड्याने देताना असले प्रश्न आजही विचारले जातात, ही आपल्या सुशिक्षित समाजाची लाजिरवाणी सवय आहे. म्हणूनच आमचा आग्रह आहे की नियम माणसाच्या वागणुकीविषयी आणि जागेच्या सोयीविषयी असावेत, त्याच्या कुळाविषयी नसावेत. ही मर्यादा घटनेने घातलेली आहे आणि ती ओलांडण्याचा अधिकार कोणत्याही सभेस नाही. तिसरा आक्षेप असा की, सभेत मोठ्या आवाजाचा माणूस, म्हणजे पुष्कळदा बांधकाम ठेकेदार किंवा त्याचा हस्तक, बाकीच्यांना गप्प करील. हे खरे आहे. पण बंद खोलीत त्याला आवाजही चढवावा लागत नाही! उघड्यावर त्याचे वजन निदान दिसते तरी. चौथा आक्षेप विलंबाचा. सहा महिने विचारविनिमयात गेले तर काय बिघडले? न विचारता केलेले नियम न्यायालयात सहा वर्षे अडकतात, तो विलंब आपण निमूटपणे सोसतोच.

केवळ टीका करून थांबणे हे आमच्या मते वर्तमानपत्राच्या कर्तव्यात बसत नाही. म्हणून जिल्हाधिकारी, नगरपरिषद आणि ग्रामपंचायती यांच्या विचारार्थ काही सूचना करतो. सर्वप्रथम मोजणी व्हावी. गावात किती घरे पाहुण्यांस दिली जातात, त्यांत मालक राहतो की नाही, आणि कामगारांच्या खोल्यांत किती माणसे राहतात, याची नोंद गावातल्याच तरुणांकडून करवून घ्यावी आणि ती चावडीवर लावावी. आकडा हाती नसताना केलेला नियम म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध होय. दुसरे, वर सांगितलेल्या तीन व्यवहारांसाठी तीन स्वतंत्र मसुदे असावेत. राहत्या घरात पाहुणे ठेवणाऱ्यास एका पानाचा अर्ज आणि नाममात्र शुल्क पुरे. मालक नसलेल्या बंगल्यासाठी गावात राहणारा जबाबदार माणूस, त्याचा दारावर लावलेला दूरध्वनी क्रमांक, माणसांची मर्यादा, रात्री आवाज बंद करण्याची वेळ आणि पाण्याचा हिशेब ही बंधने असावीत. कामगारांच्या खोल्यांसाठी नियमांचा रोख कामगारावर नसून मालक व ठेकेदार यांवर असावा. माणशी किती जागा, किती माणसांमागे एक संडास, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट आणि भाड्याची पावती, हे त्यात असावे. गर्दीचा दंड गर्दीत कोंबल्या गेलेल्या माणसास होता कामा नये.

तिसरे, मसुदा सोप्या मराठीत आणि कामगारांसाठी हिंदीतही असावा. तो केवळ कचेरीच्या फलकावर न लावता स्टेशनावर, बाजारात, मासळीच्या बंदरात आणि पाड्यावर वाचून दाखवला जावा. हरकतींसाठी निदान दोन महिने द्यावेत. चौथे, बैठका वेळ पाहून आणि जागा पाहून घ्याव्यात. स्त्रियांची सभा निराळी घेण्याची तरतूद ग्रामसभेच्या कायद्यात आहेच, तिचा उपयोग करावा. मतदारयादीत नसलेल्या भाडेकरूस मत नसले तरी म्हणणे मांडण्याचा हक्क असावा. पालघर शहरापुरते पाहता, कायद्याने सभा दिली नसली तरी ती भरवण्यास कायद्याची मनाई नाही. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागात ती बोलवावी. पाचवे, जी सूचना फेटाळली ती का फेटाळली हे दोन ओळींत लिहून प्रसिद्ध करावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण माणसाचा विश्वास बसतो तो येथेच. सहावे, शुल्क व दंड यांचा पैसा निराळ्या खात्यात ठेवून तो किनाऱ्यावरील जीवरक्षक, कचरा आणि पाणी यांवरच खर्चावा, आणि वर्षअखेर त्याचा हिशेब सभेपुढे वाचावा. सातवे, नियम प्रथम एका वर्षापुरते असावेत आणि वर्षानंतर त्याच लोकांनी ते पुन्हा तपासावेत. जेथे ग्रामपंचायतीचा वा नगरपरिषदेचा अधिकार तोकडा पडेल, तेथे राज्य शासनाने तो वाढवून द्यावा. राज्याने २०२० साली किनाऱ्यांवर पर्यटन कुट्या उभारण्याचे धोरण ठरवले, तेव्हा पहिल्या आठ किनाऱ्यांत केळवे आणि बोर्डी यांची निवड केली होती. किनारा निवडताना मुंबईत बसून जी तत्परता दाखवली, ती किनाऱ्यावरच्या माणसांचे ऐकून घेतानाही दाखवावी, एवढीच अपेक्षा आहे.

राहता राहिला आमचा वाचक. पुढच्या शनिवारी तो केळव्याला किंवा चिंचणीला जाईल तेव्हा त्याने घर घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: या घराचा यजमान कोठे राहतो? उत्तर समाधानकारक नसेल तर शेजारच्या वाडीत चौकशी करावी. तेथे बहुधा अंगण झाडून ठेवलेले एखादे घर असेल आणि भाडेही कमी असेल. ज्याचा स्वतःचा बंगला तेथे आहे त्याने गावाच्या बैठकीचे निमंत्रण आल्यास वकील न पाठवता स्वतः जावे, आणि मागच्या बाकावर बसून आधी ऐकावे. ज्याची बोईसरमध्ये सदनिका आहे त्याने एकदा जिना चढून, आपल्या खोलीत किती माणसे निजतात हे डोळ्यांनी पाहावे.

गाव करी ते राव न करी, अशी आपली जुनी म्हण आहे. अणुभट्टी, कारखाने, वेगवान रेल्वे आणि बंदर या साऱ्या गोष्टी रावांनी ठरवल्या. त्या चांगल्या की वाईट याचा निवाडा येथे करीत नाही. पण त्या ठरवताना पोफरण-अक्करपट्टीच्या माणसांना काय वाटले, हे सांगायला ती गावे आज त्या जागेवर नाहीत. पाहुण्यांची घरे आणि कामगारांच्या खोल्या ही त्या मानाने लहान बाब आहे. लहान आहे म्हणूनच ती गावाच्या आवाक्यातली आहे. निदान एवढी एक गोष्ट तरी गावाला विचारून व्हावी. प्रशासनाने पहिली बैठक बोलवावी, आणि ती कोणत्या दिवशी, कोणत्या अंगणात भरणार ते जाहीर करावे. ती तारीख याच पानावर छापण्यास आम्ही जागा राखून ठेवीत आहोत.